‘लाइफटाइम फ्री’ कार्ड बंद करताना

२०२४ साली जून ते नोव्हेंबर असे पाच महिने माझे एका क्रेडिट कार्डात गेले. ते कार्ड मी आयुष्यात एकदाच वापरलं होतं. हे सगळं चालू असताना रात्री-अपरात्री मराठीत कुणी लिहून ठेवलंय का ते शोधायचे. तुकडे सापडायचे, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून आता लिहिते. बँकेचं आणि दुकानाचं नाव लिहिणार नाही, मला पुन्हा कुणाशी पत्रव्यवहार करायचा नाही.

आधीच कबूल करते: मी नाशिकला एका औषधांच्या होलसेल पेढीत अकाउंट्स बघते. दिवसभर दुसऱ्यांच्या उधारीचा हिशेब ठेवणारी बाई. त्यामुळे ‘तुला कसं कळलं नाही?’ हा प्रश्न घरात प्रत्येकाने एकदा, आणि सासूबाईंनी दोनदा विचारून झालेला आहे.

सुरुवात १५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीआधीचा शनिवार. मॉलमधल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. टी-शर्ट घातलेला एक मुलगा टॅब घेऊन आला. ‘‘मॅडम, मेंबरशिप कार्ड आहे का? पाचशेचं व्हाउचर मिळतंय, लाइफटाइम फ्री आहे.’’ मला वाटलं दुकानाचंच कार्ड, किराणावाले पॉइंट देतात तसलं. त्याने पॅन नंबर विचारला तेव्हा मी थबकले, पण मागे रांग होती आणि मुलगी ‘आई, चल ना’ करत होती. आधारचा नंबर सांगितला. तीन ओटीपी आले, तिन्ही वाचून दाखवले. चार मिनिटांत काम झालं.

ते तिन्ही एसएमएस पुढे जून २०२४ मध्ये मी फोनमधून उकरून काढले. तिसऱ्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की हा ओटीपी क्रेडिट कार्डाच्या अर्जासाठी आहे. म्हणजे मला फसवलं असं मी म्हणू शकत नाही. मी वाचलं नाही, एवढंच. आपल्याकडे ओटीपीला अजून कुणी सही मानत नाही. कागदावर सही करताना आपण चष्मा शोधतो, पण सहा आकडे मात्र भाजीवाल्याला भाव विचारावा तसे मोठ्याने वाचून दाखवतो.

आधारबद्दल एक, कारण हे मलाही उशिरा कळलं. बँकेला ओळख पटवायला आधारच लागतं असं नाही. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स हेही चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खाजगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद रद्द केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने बँकांना तो रस्ता पुन्हा मिळाला, पण ग्राहकाच्या मर्जीने. आणि प्रत द्यायचीच झाली तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करता येतं. मॉलच्या रांगेत यातलं काहीही आठवत नाही, हे वेगळं.

नोव्हेंबरात कुरिअरने कार्ड आलं. जानेवारीत, संक्रांतीच्या खरेदीला, ते व्हाउचर वापरायचं म्हणून २,६४९ रुपयांची खरेदी केली, पाचशे वजा होऊन २,१४९ कार्डावर गेले. बिलाचा एसएमएस आला तसे दुसऱ्या दिवशी भरून टाकले. त्यानंतर त्या बँकेचे इतके एसएमएस यायला लागले (कर्ज घ्या, विमा घ्या, लिमिट वाढवा) की मी वैतागून ते नंबर ब्लॉक केले. कार्ड कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. विषय संपला.

१० मे २०२४ ला, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून, आम्ही पाथर्डी फाट्याजवळ एका जुन्या टू बीएचकेला ५१,००० रुपये विसार दिला. उरलेल्यासाठी बत्तीस लाखांचं कर्ज दोघांच्या नावावर काढायचं ठरलं, एकट्या नवऱ्याच्या पगारात बसत नव्हतं. विसार पावतीवर ३१ ऑगस्टची मुदत.

२० जूनला कर्जवाल्या बँकेतल्या साहेबांनी बोलावलं. नवऱ्याचा क्रेडिट स्कोअर ७८१, माझा ६४१. ‘‘मॅडम, तुमचं एक खातं एनपीए दिसतंय.’’ एनपीए म्हटलं की मला पळून गेलेले उद्योगपती आठवतात. त्यांनी स्क्रीन वळवून दाखवली. क्रेडिट रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो आणि त्यात किती दिवस पैसे थकले तो आकडा. माझ्या चौकोनांत डिसेंबरपासून २६, ५७, ८६, ११७, १४७, १७८. नव्वदच्या वर गेलं की ते खातं बुडीत धरतात, तेच एनपीए. मूळ रक्कम किती, विचारलं. वर्षाची फी ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५८८ रुपये ८२ पैसे.

साहेब चांगले होते. म्हणाले, या स्कोअरला साडेआठऐवजी सव्वानऊ टक्के लागतील, किंवा हे निस्तरून या. मी तिथेच मोबाइलवर हप्ता काढला. साडेआठला २७,७७०, सव्वानऊला २९,३०८. महिन्याला दीड हजाराच्या वर फरक, वीस वर्षं. साडेतीन लाखांच्या पुढे जातं ते. पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपयांपायी.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. वडाची पूजा उरकून त्याच साडीत कार्डवाल्या बँकेच्या शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘कार्ड डिव्हिजन वेगळं आहे, आमच्या सिस्टिमला दिसतच नाही.’’ मी म्हटलं, दारातल्या पोस्टरवर तर दिसतंय. तो कसनुसं हसला. मी हाताने लिहिलेला अर्ज नेला होता, तो घेतला, पण पोच द्यायला तयार नाही. अर्धा तास बसून राहिले तेव्हा एका वयस्कर मॅडमनी आवक शिक्का मारून दिला. माझ्या फाइलमधला तो पहिला कागद. कोपऱ्यात १ घातला आणि त्या दिवसापासून प्रत्येक कागदाला, स्क्रीनशॉटला नंबर द्यायला लागले. कामाच्या सवयीने केलं, पण पुढे सगळं त्यावरच तरलं.

शनिवारी कस्टमर केअर. आधी सोळा आकडी कार्ड नंबर, मग जन्मतारीख, मग गाणं, मग फोन कट. तिसऱ्या खेपेला माणूस लागला. एकूण थकबाकी ५,६०१ रुपये ९१ पैसे. मी कार्ड बंद करायचं म्हटल्यावर त्याने फोन दुसरीकडे जोडला आणि तिथल्या बाईंनी हिंदीत गोड आवाजात विचारलं की मग मी तुम्हाला आमचं दुसरं कार्ड देऊ का, ते लाइफटाइम फ्री आहे! मी हसायलाच लागले. मग तिने खरा गळ टाकला: ‘‘२,८०० भरा, सेटलमेंट करून टाकू.’’

निम्म्यात सुटका. मी हो म्हणणारच होते. संध्याकाळी धाकटे दीर आले होते, ते पतसंस्थेत वसुलीचं काम बघतात. चहा खाली ठेवून म्हणाले, ‘‘वहिनी, सेटलमेंट शब्द ऐकला की फोन ठेवून द्यायचा.’’ सेटलमेंट केलं की रिपोर्टमध्ये ‘बंद’ असं न येता ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, म्हणजे या बाईने पूर्ण पैसे दिले नाहीत. तो शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि कर्ज देणारा प्रत्येकजण तो बघतो. हे कुणाला नवीन असेल तर माझ्या सगळ्या लिखाणातून एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. पूर्ण भरा किंवा पूर्ण माफ करून घ्या, आणि ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र घ्या.

रविवारी सगळी स्टेटमेंट डाउनलोड केली (पासवर्ड रिसेट करायलाच तास गेला) आणि एक्सेलमध्ये मांडली. ५८८.८२ चे ५,६०१.९१ कसे होतात हे बघताना धंद्याचं कौतुक वाटावं अशी मांडणी. पहिला दंड ५०० रुपये, कारण थकबाकी हजाराच्या आत. तो दंड आणि त्यावरचा जीएसटी मिळवला की थकबाकी हजारापुढे जाते, मग पुढचे सहा महिने ६०० प्रमाणे. सात दंडांचे ४,१००, त्यांवर जीएसटी ७३८. आणि वर वार्षिक फीवर महिन्याला ३.६ टक्के व्याज, जीएसटीसकट १७५ रुपये ९ पैसे.

३.६ महिन्याला म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. हे कायदेशीर आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. बँका वर गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ ला, माझं प्रकरण मिटून महिना झाला तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे दरावर भांडण्यात अर्थ नाही. पण रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे २१ एप्रिल २०२२ चे निर्देश होते, ते मी त्या रविवारी पहिल्यांदा वाचले आणि तिथे हाती घबाड लागलं. न भरलेली फी, दंड, कर हे मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, ही एक तरतूद. वर्षभर कार्ड वापरलं नाही तर बँकेनेच कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची, ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यात कामाची: देणं बाकी नसेल आणि ग्राहकाने बंद करायला सांगितलं तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे.

‘देणं बाकी नसेल तर.’ म्हणून २४ जूनला सगळे ५,६०१.९१ भरून टाकले. नवरा चिडला, चूक त्यांची आणि पैसे आपण का भरायचे? त्याचं बरोबर होतं. पण मीटर चालू ठेवून भांडायची माझी ऐपत नव्हती, ३१ ऑगस्ट समोर दिसत होता. २५ जूनला ई-मेल केला: पैसे विरोध नोंदवून भरले आहेत, दंड आणि व्याज परत करा, आणि कार्ड बंद करा. ई-मेल अॅपमधल्या तक्रारीतही टाकला आणि दोन्ही नंबर टिपून ठेवले.

तीन दिवसांनी उत्तर: फॉर्म भरा, कार्ड कापून त्यासोबत पोस्टाने पाठवा. मी निर्देशातलं वाक्य चिकटवून उलट पाठवलं की ई-मेल, हेल्पलाइन, अॅप यांपैकी कुठूनही सांगितलेलं चालतं, पोस्टाचा आग्रह धरता येत नाही. तरी स्पीड पोस्टानेही पाठवून दिलं. तत्त्वापेक्षा फ्लॅट महत्त्वाचा.

त्याच आठवड्यात मॉलमध्ये जाऊन आले. ते पत्रक मिळतंय का बघायचं होतं ज्यावर ‘लाइफटाइम फ्री’ लिहिलेलं मला आठवत होतं. ते टेबल होतं, पण दुसऱ्याच कंपनीचं, आणि मुलगाही वेगळा. सिन्नरहून रोज येतो-जातो म्हणाला. पगार किरकोळ, कार्डामागे मिळतं ते खरं, आणि दिवसाला चार कार्डं झाली नाहीत तर संध्याकाळी फोनवर बोलणी. मी विचारलं, लोकांना फी सांगतोस का? तो म्हणाला, ‘‘ताई, पहिल्या वर्षी फ्री असतं ना, आम्ही फ्रीच म्हणतो.’’ त्याच्यावर रागवायचं म्हणून गेले होते. शेवटी त्याला पाणी पाजून, म्हणजे खरोखरच बाटली घेऊन देऊन, घरी आले.

पॉइंटांचंही सांगते. माझ्या नावावर स्वागताचे ५०० आणि खरेदीचे ४२ असे ५४२ पॉइंट होते. एक पॉइंट पंचवीस पैशांचा, म्हणजे १३५ रुपये ५० पैसे. ते वटवायची फी ९९ अधिक जीएसटी, ११६ रुपये ८२ पैसे. हाती येणार अठरा रुपये अडुसष्ट पैसे. यासाठी मी पॅन आणि आधार दिला होता. आणि हे पॉइंट आकाशातून पडत नाहीत. कार्ड घासलं की दुकानदाराला टक्का-दोन टक्के कमिशन पडतं. आमच्या गल्लीतले किराणावाले काका स्पष्ट सांगतात, क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के वर, यूपीआय करा. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला कमिशन नाही, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा नीट माहीत आहे.

१२ जुलैला बँकेचं उत्तर आलं. ‘चार्जेस नियमानुसार आहेत, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’ कार्ड मात्र चालूच. २२ जुलैला एकदाचं बंद झाल्याचा एसएमएस आला. सात कामाचे दिवस ३ जुलैला संपले होते. ४ ते २१ मोजले तर अठरा दिवस. अठरा गुणिले पाचशे, नऊ हजार. मी आधी मागायचीच नव्हते, उगाच लोभ दिसतो म्हणून. पण दीर म्हणाले, वहिनी, त्यांनी दंड लावताना तुमच्याकडे बघितलं का?

२६ जुलैला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. लोकांना वाटतं तसं ते अवघड नाही आणि फुकट आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि तीस दिवसांत उत्तर आलेलं नसावं किंवा आलेलं पटलेलं नसावं. मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फॉर्म भरायचा, अडलं तर १४४४८ ला फोन. वकिलामार्फत केलेली तक्रार घेत नाहीत, आपणच करायची. मला हे फार आवडलं. फॉर्ममध्ये घटना थोडक्यात लिहायला जागा असते. मी पहिल्यांदा अडीच पानं लिहिली, त्यात सासूबाईंचा बीपीसुद्धा आला होता. नवऱ्याने वाचून म्हटलं, तारखा ठेव, बाकी खोड. बारा ओळी उरल्या. तारीख, काय झालं, कागद क्रमांक. तशीच पाठवली.

६ ऑगस्टला क्रेडिट रिपोर्टमधल्या नोंदीवर हरकत घेतली. इथे एक वेगळंच त्रांगडं. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि कार्डाच्या खात्यात आडनाव सासरचं पण मधे वडिलांचं नाव. तीन कागद, तीन बायका. ओळख पटवण्याच्या पायरीवर दोनदा अडकले, शेवटी लग्नाचा दाखला अपलोड केल्यावर पुढे सरकलं. ज्या कुणी लग्नानंतर अर्धवट नाव बदललं असेल त्यांनी कर्जाच्या आधी सहा महिने पॅन आणि आधार एका नावावर आणून ठेवावं. रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि चौघींकडूनही वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी तो याआधी कधीच काढला नव्हता. काढला असता तर डिसेंबरात नाही, पण जानेवारीत तरी कळलं असतं.

हरकतीचं पहिलं उत्तर ‘बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे’ असंच आलं. कारण रिपोर्टवाले स्वतः काही बदलत नाहीत, बँक जे सांगेल ते. मात्र तीस दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे.

९ ऑगस्टला बँकेच्या नोडल ऑफिसरचा, म्हणजे लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन, अगदी मवाळ. ‘‘मॅडम, दोन हजार गुडविल म्हणून देतो, तक्रार मागे घ्या.’’ मी म्हटलं, लेखी पाठवा. लेखी आलं नाही. पण मी मागितलेली अर्जाची प्रत आली, तेवीस पानी पीडीएफ. माझ्या पाच महिन्यांतला सगळ्यात महत्त्वाचा कागद तो, फाइलमध्ये क्रमांक ३१.

पान २ वर माझं वार्षिक उत्पन्न नऊ लाख आणि व्यवसाय ‘स्वतःचा’. मी पगारदार आहे आणि नऊ लाख मला स्वप्नातही मिळत नाहीत. त्या मुलाने टॅबवर ठोकून दिलं होतं. पान १४ वर, डोळ्यांना ताण देऊन वाचावं अशा अक्षरात: पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्यापासून ४९९, वर्षाला पन्नास हजारांची खरेदी केली तर माफ. म्हणजे वार्षिक फीच्या मुद्द्यावर मी हरले, त्या कागदाखाली माझा ओटीपी होता. पण पुन्हा पान २ वर आले, ई-मेल पत्त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि आडनावातला एक ‘ए’ गायब. सात महिने स्टेटमेंट त्या पत्त्यावर जात होती जो कुणाचाच नव्हता. ती परत येत होती आणि परत आल्याची नोंद बँकेच्याच कागदात होती.

बँकेचं म्हणणं, आम्ही एसएमएस पाठवले होते. तेही खरं. मी ब्लॉक केले होते, हे मी लोकपालांना लिहून कळवलं. लपवलं असतं तर ते कधी ना कधी निघालंच असतं. पण स्टेटमेंट ग्राहकापर्यंत पोचलं पाहिजे आणि भरायला किमान पंधरा दिवस मिळाले पाहिजेत ही जबाबदारी बँकेची, आणि ते पोचत नाही हे त्यांना दिसत होतं. माझं सगळं प्रकरण त्या एका ‘ए’वर उभं राहिलं.

मधल्या काळात ३१ ऑगस्ट आला. फ्लॅट विकणारे काका मुदत वाढवायला तयार झाले, दसऱ्यापर्यंत, पण पंधरा हजार वर मागितले. त्यांच्यापुढेही दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून राग नाही आला. ते दिवस मात्र वाईट गेले. पेढीत बसून लोकांच्या उधारीचे आकडे भरताना हात थांबायचे. रात्री नवरा आणि मी फ्लॅटविषयी बोलायचंच टाळायचो. मुलीने तिच्या खोलीच्या भिंतीचा रंग ठरवून ठेवला होता, ती मधेच विचारायची आणि आम्ही दोघंही टीव्हीकडे बघायचो.

६ सप्टेंबर, हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती, मी उपाशी, घरात मखराचा पसारा. चारच्या सुमाराला ई-मेल आला. लोकपाल कार्यालयाच्या मध्यस्थीने बँकेने मान्य केलं: दंड आणि व्याजाचे ५,०१३ रुपये ९ पैसे परत, बंद करायला लावलेल्या उशिराचे ९,००० रुपये, आणि थकीत दिवसांच्या नोंदी दुरुस्त. वार्षिक फी परत मिळणार नाही. मी ‘मान्य’ असं उत्तर पाठवलं आणि मखराला टाचण्या मारायला बसले.

दुरुस्ती लगेच दिसली नाही. तेव्हा बँका रिपोर्टवाल्यांना महिन्यातून एकदा माहिती पाठवत (१ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला पाठवायची झाली), म्हणजे एक फेरी चुकली की सरळ महिना गेला. ४ ऑक्टोबरला चौकोनांतले आकडे शून्य झाले. स्कोअर ७३८. आठवड्याच्या आत कर्ज मंजूर झालं, ८.५५ टक्क्यांनी, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, दस्त नोंदवला.

नऊ हजारांचा चेक त्यानंतर आला. नाव पॅनप्रमाणे, म्हणजे माहेरचं, आणि त्या नावाचं माझं खातंच नाही. परत पाठवला. दोन ई-मेल, एक कॅन्सल्ड चेक, पुन्हा लग्नाचा दाखला. १८ नोव्हेंबरला पैसे खात्यात आले. त्यातून काकांचे पंधरा हजार भागले नाहीतच, आणि रजांचे सहा अर्धे दिवस वेगळे. ‘नो ड्यूज’चं पत्र मात्र मी लॅमिनेट केलंय. नवरा हसतो. हसू दे.

३० डिसेंबरला दुकानाच्या मेंबरशिपकडून एसएमएस आला. तुमचे ५४२ पॉइंट उद्या संपत आहेत, त्वरा करा. कार्ड बंद होऊन पाच महिने झाले होते. स्क्रीनशॉट काढला, फाइलमध्ये टाकला. क्रमांक ४७.